अकरा कुंड्या

तुरीवरच्या कोळ्याला चारच पाय असतात. घराच्या कोपऱ्यात जाळं विणत बसतो तो आठ पायांचा, आणि त्याला निदान झाडूने झटकता तरी येतं. हा त्याच्या लांबच्या भावकीतला, पण इतका बारका की ज्वारीच्या एका दाण्यावर दोनशे जण मांडी घालून बसतील आणि तरी आपल्याला दाणा स्वच्छच दिसेल. पानाचा रस तो पितो, पण तेवढ्याने काही तूर मरत नाही. पिताना तो तोंडातला विषाणू पानात सोडतो आणि खरा घोळ तिथे होतो. लागण झालेली तूर हिरवीगार राहते, माणसाच्या डोक्याला लागते, पानांवर फिकट ठिपके उमटतात, आणि फूल म्हणून धरत नाही. शेतकरी त्याला वांझ रोग म्हणतात.

शिवलीला बिराजदारच्या आईला हे नाव ऐकलं की चीड यायची. महानंदाबाई म्हणायच्या, "बायांना बोलून पोट भरलं न्हाई व्हय तुमचं, आता झाडांनाबी बोललालाव?"

रोग जुनाच. पूर्वी दहा शेतांमागे एखाद्यात दिसायचा, लोक उपटून टाकायचे आणि विसरायचे. पण मग त्याची एक नवी जात आली आणि तिने तीन वर्षांत तीन जिल्ह्यांची तूर बसवली. शेतंच्या शेतं हिरवी, आणि शेंग औषधालासुद्धा नाही. ज्या मुलखात वरणाशिवाय ताट वाढत नाहीत, तिथे वरण सणासुदीचं झालं. लोकांना कुणावर तरी राग काढायचा होता, आणि सरकारलाही कुणीतरी सापडायला हवं होतं.

पहिला बळी गेला रानतुरीचा. डोंगरउतारावर आपोआप उगवणारी ही वेल तुरीची चुलत बहीण, आणि तिच्यावरही अगदी असाच कोळी राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे शेजारी ठेवले तर त्यांच्या आयांनाही ओळखू येणार नाहीत. झालं, ठरलं! ड्रोन गेले, फवारे मारले, डोंगरच्या डोंगर करपवले, शेळ्या मेल्या, मधमाश्या गेल्या. रोग होता तिथेच होता.

तेव्हा शिवलीला तूर संरक्षण केंद्रात शास्त्रज्ञ होती, चौदा वर्षांची नोकरी झालेली. तिने आणि तिच्या माणसांनी मिळून एक यंत्र उभं केलं होतं, जेवणाच्या डब्याएवढं. एका बाजूने तुरीचं पान सरकवायचं. आतली हवेची नळी पानावरचे कोळी एकेक करून उचलते आणि प्रत्येकाच्या पेशीतला जनुकांचा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. गावोगावच्या सभांमध्ये शिवलीला ते असं समजावून द्यायची: "आपण आरती पाठ करतो ती ऐकून ऐकून. ऐकताना एखादा शब्द चुकतो. पुढची पिढी तो चुकीचाच शब्द म्हणते, वर आणखी एक चूक स्वतःची घालते. दोन गावांत तीच चूक सापडली तर समजायचं, यांनी आरती एकमेकांकडून उचलली. आणि ज्या गावात चुका सगळ्यात कमी, आरती तिथून निघाली. कोळ्याची पिढी बारा दिवसांची. जनुकं उतरवताना दर पिढीत एखादं अक्षर चुकतं. त्या चुका आम्ही मोजतो."

लोकांना ते लगेच कळायचं. वारसांच्या नोंदी ठेवणारा म्हणून त्या यंत्राला लोक तलाठी म्हणायला लागले.

तलाठ्याने पहिल्याच वर्षी सांगितलं की रानतुरीवरचा कोळी दिसायला तसाच असला तरी वेगळ्याच घराण्यातला आहे. दोन्ही घराणी हजारो वर्षांपूर्वी विभक्त झाली, आणि तो तुरीवर सोडला तर दोन दिवसांत उपाशी मरतो. डोंगर उगाच जाळले होते. शिवलीलाचं नाव झालं, सत्कार झाले, शाली आल्या. आणि तिच्याच निबंधाच्या जोरावर कायदा झाला, उगम कायदा. कीड नेमकी कुठून निघाली हे आता अचूक सांगता येतं ना? मग ती जागाच साफ करायची. मूळ झाडं जाळायची, भोवतीचं अर्धा किलोमीटर रान उपटायचं, तीन वर्षं तिथे हिरवं काही पेरायचं नाही. त्या जागेच्या मालकाला म्हणायचं उगमदार, आणि त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचं. सूट एकच होती. कुणी दुसऱ्याने तिथून कीड बाहेर नेल्याचं सिद्ध झालं तर फलकावरून उगमदाराचं नाव काढायचं, नेणाऱ्याचं लावायचं. त्यासाठी हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत.

कायद्याच्या मसुद्यावर शिवलीलाची सही होती. तेव्हा तिला तो फार न्यायाचा वाटला होता.

कार्तिकातल्या एका दुपारी ती टेबलावर भाकरी-चटणी खात बसली होती. समोरच्या पडद्यावर तलाठी तीन जिल्ह्यांमधल्या साडेनऊ हजार नमुन्यांचा वंशवृक्ष जुळवत होता. फांद्या एकमेकींत मिळत मिळत खाली आल्या, अकरा जाड फांद्या उरल्या, त्या अकरा एका खोडात शिरल्या आणि खोडाच्या बुडाशी एका नमुन्याचा आकडा उमटला. चारशे सतरा. तिने तो आकडा दाबला.

"महानंदा मल्लिकार्जुन बिराजदार. मु. माळसूर. विहिरीचा बांध. बारमाही तूर, झाडं नऊ."

घास तिच्या हातातच राहिला.

तिने गणित पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावताना आईचा नमुना वगळून लावलं, तर बुडाशी गुंडप्पा उंबऱ्यांचं शेत आलं. गुंडप्पा म्हणजे आईचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. यंत्र काही चुकत नव्हतं.

ती नऊ झाडं साऱ्या माळसूरला माहीत होती. महानंदाबाईंच्या सासूने लावलेल्या तुरीचं हे बी, पांढऱ्या दाण्याचं. एकदा लावलं की पाच-सहा वर्षं झाड हलत नाही, आणि त्याच्या पानावर कधी ठिपका म्हणून दिसला नाही. गावातले निम्मे लोक मृगाआधी महानंदाबाईंकडून मूठ-दोन मुठी बी न्यायचे. म्हणूनच तीन जिल्हे ओसाड पडले तरी माळसूरला शेंगा लागत होत्या. आता त्याचं कारण शिवलीलाला कळत होतं. ही तूर रोगमुक्त नव्हती, ती रोग पोसत होती आणि सोसत होती. कोळी तिच्यावर मजेत राहायचे, विषाणू तिच्या अंगात मुरला होता, आणि ती फुलायची थांबत नव्हती. तिच्यावर राहून राहून विषाणू तेवढा चिवट झाला होता. साध्या तुरीला तो झेपणारा नव्हता.

पण तिला धक्का बसला तो यामुळे नव्हे. तो बसला अकरा फांद्यांमुळे.

हा कोळी वाऱ्याने उडतो, पण फार तर दोन-तीन किलोमीटर. पानावरून सुटला की काही तासांत सुकून मरतो. मग माळसूरहून निघालेला कोळी एकाच पावसाळ्यात, तीस ते सव्वाशे किलोमीटरवरच्या अकरा ठिकाणी, एकदम कसा पोचला? ती अकरा ठिकाणं नकाशावर बघायची तिला गरजच नव्हती. ती केंद्राचीच चाचणी शेतं होती.

चार वर्षांपूर्वीचा आषाढ तिच्या डोळ्यांपुढे आला. चाचणीला तुलनेसाठी निरोगी रोपं लागतात. नियम असा की ती बंद जाळीघरात दोन महिने वाढवायची. त्या वर्षी टाकीतलं पाणी आटलं, रोपं जळाली, आणि वेळ उरला नव्हता. शिवलीलाने डोकं खाजवलं नाही की कुणाला विचारलं नाही. रविवारी जीप काढली आणि सरळ माळसूर गाठलं. आपल्या आईच्या बांधावरची तूर! तिच्याहून निरोगी तूर जगात कुठे असणार? तिच्या शिक्षणात, तिच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत, तिने दुसऱ्या कुणाच्याही झाडावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवला नसता. महानंदाबाईंनी झाडांखाली उगवलेली रोपं मातीसकट अलगद काढली, कुंड्या भरल्या, प्रत्येकीत चिमूट हळद टाकली आणि म्हणाल्या, "न्हे बाई. तुझ्या सरकारी झाडांना माझ्या तुरीकडं बघून लाज तर वाटू दे." दोघी केवढ्या हसल्या होत्या.

नोंदवहीत शिवलीलाने लिहिलं होतं: निरोगी रोपं, जाळीघर क्रमांक दोन.

केंद्राचे संचालक कुलथे सर निवृत्तीला आठ महिने राहिलेले गृहस्थ होते. वाईट माणूस म्हणावा असे ते मुळीच नव्हते. शिवलीलाने त्यांना पडदा दाखवला, तेव्हा त्यांनी त्या अकरा फांद्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग उठून त्यांनी दार लावलं.

"हे वाऱ्याने गेलेलं नाही सर."

"ते मलाही दिसतंय. मग?"

"मी नेलं."

तिने सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नोंदवहीत काय आहे?"

"जाळीघर."

"कुंड्या नेल्या ते कुणी पाहिलं?"

"आईने. कुंड्या तिनेच भरल्या."

"अगं मग झालं की," सर हळूच म्हणाले. "आई काय लेकीविरुद्ध बोलणार आहे? हे बघ शिवलीला, तू हे लिहिलंस तर उद्या लोक केंद्र पेटवतील. दीडशे माणसं इथे काम करतात. तुझी नोकरी जाईल, तुरुंगही होईल. आणि तलाठ्यावर कुणाचा भरवसा राहील का? आणि झाडं तर दोन्हीकडून जाणारच. कायदा आहे. तू सांगितलंस म्हणून एक पान तरी वाचणार आहे का?"

"आईचं नाव वाचेल, सर."

"नाव!" सर म्हणाले. "गावातलं नाव वर्ष-दीड वर्षात लोक विसरतात."

अहवालाच्या शेवटी एक रकाना होता: प्रसार कशामुळे? पुढे तीन चौकोन, वारा, माणूस, माहीत नाही. शिवलीला अर्धा तास त्या तीन चौकोनांकडे बघत बसली. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. शाली, सत्कार गेले चुलीत, पण तीन जिल्ह्यांतली माणसं आपल्या घरावर चालून येतील, आपल्या तोंडाला काळं फासतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. शेवटी तिने तिसऱ्या चौकोनात खूण केली. निदान वारा तरी म्हटलं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि हरकतीला तीस दिवस आहेतच की, तोवर धीर येईल, असंही सांगितलं.

कायद्याप्रमाणे जाळण्याआधी उगमाची जागेवर खात्री करावी लागते, आणि ती अहवालावर सही करणाऱ्यानेच करायची असते. त्यामुळे आठवड्याने शिवलीला सरकारी गाडीतून माळसूरला उतरली. हातात तलाठी होता.

विहिरीच्या बांधावर निम्मं गाव जमलं होतं. नऊ झाडं उभी होती, पुरुषभर उंच, पिवळ्या फुलांनी आणि शेंगांनी लगडलेली. पलीकडे गुंडप्पाचं शेत, त्यालाही शेंगा धरलेल्या. ते सगळं उपटायचं होतं. नवी तोडणी यंत्रं रस्त्यावर घुरघुरत उभी होती.

"अक्का, तू तर बोल काहीतरी!" शिवलीलाचा धाकटा भाऊ मन्मथ तिच्याकडे धावत आला. आईजवळ राहून शेती तोच करायचा. "तू एवढी मोठी सायबीण. ही कीड आपल्या बांधावरनं सव्वाशे किलोमीटर गेली व्हय उडत? कुणाच्या तरी बापाला पटंल का?"

"मन्मथ, यंत्र सांगतंय ते..." तिने तलाठी दुसऱ्या हातात घेतला.

गुंडप्पा महानंदाबाईंच्या समोर येऊन उभा राहिला. साठीचा माणूस, महानंदाबाईंना वहिनी म्हणणारा. "वहिनी, वीस वर्षं तुमचं बी पेरलं म्या. लोकाला सांगायचो, आमच्या वहिनीच्या हाताला गुण हाय. सगळ्या मुलखाला तुमच्याच बांधावरनं रोग लागला, आन् आता माझं भरलं रान जाळलालेत. ह्योच का गुण?"

महानंदाबाई खाली बघत होत्या.

उगम अधिकारी तरुण होता, कदम नावाचा, बोलायला मऊ. त्याने कागद काढले. "आजी, एकच प्रश्न विचारायचा आहे, नीट आठवून सांगा. गेल्या पाच वर्षांत इथलं रोप, फांदी, कुंडी, असं काही कुणी गावाबाहेर नेलं होतं का?"

महानंदाबाईंनी मान वर केली. त्यांनी गुंडप्पाकडे पाहिलं नाही, मन्मथकडे पाहिलं नाही. त्या शिवलीलाकडे बघायला लागल्या. त्या बघण्यात राग नव्हता, काही नव्हतं. शाळेतून आलेल्या पोरीने दप्तर उघडून दाखवावं म्हणून आई थांबते, तशा त्या थांबल्या होत्या.

शिवलीलाने मान खाली घातली आणि तलाठ्याचा पडदा बघितला. बॅटरी बासष्ट टक्के, असं तिथे लिहिलं होतं. ते तिने दोनदा वाचलं.

"आजी?"

"न्हाई बाबा," महानंदाबाई म्हणाल्या. "माझ्या बांधावरचं कोण न्हेतंय."

त्यांनी कागदावर एकेक अक्षर जोडत सही केली. तासाभरात बांध बोडका झाला. ओली झाडं लवकर पेट घेईनात, म्हणून त्यांच्यावर तेल ओतलं. गुंडप्पाचं रान उपटायला संध्याकाळ झाली. जाताना शिवलीला आईच्या पाया पडायला वाकली, तेव्हा महानंदाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीसारखाच ठेवला. त्यामुळे शिवलीलाला वाटलं, आईला त्या कुंड्या आठवतच नसतील.

पुढचा महिना कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. रोज सकाळी ती हरकतीचा अर्ज उघडायची, 'मी, शिवलीला मल्लिकार्जुन बिराजदार' एवढं लिहायची आणि बंद करायची. मन्मथचे फोन यायचे. फलकावर आईचं नाव लागलं होतं, लाल अक्षरात. गिरणीत आईचं दळण मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवत होते. त्याची बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली, कारण शाळेत पोरं त्यांना चिडवायची. आईशी मन्मथ स्वतःही धड बोलत नव्हता. "किती डाव म्हणलं होतं तिला, म्हातारी झाडं तोडून टाक, तोडून टाक! ऐकंल तर ना!" शिवलीला हं हं करायची. एकोणतिसाव्या दिवशी तिला ताप आला. तिसाव्या दिवशी ताप उतरला होता, पण ती उठली नाही.

आणि दोन दिवसांनी येळवस आली.

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. घरात कुणी राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आंबिलीने भरलेलं बिंदगं डोक्यावरून न्यायचं, आणि भज्जी! तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती भाजी बेसनात शिजवलेली. त्या दिवशी वाटेने जाणाऱ्याला हाक मारायची, "या जेवाया," आणि ज्याला हाक मारली त्याने नाही म्हणायचं नाही. वैर असलं तरी येऊन घासभर खायचं. तेवढा एक दिवस तसा असतो. महानंदाबाईंच्या कोपीत दर वर्षी चाळीस पानं उठायची, कारण पांढऱ्या तुरीच्या दाण्यांची भज्जी माळसूरमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसायची.

शिवलीला पोचली तेव्हा बारा वाजले होते. भोवतीचं अर्धा किलोमीटर रान काळंभोर, नांगरून सपाट, गवताची काडी नाही. त्याच्या मधोमध एकटी कोप. मन्मथ पूजा करून, आंबील शिंपडून कधीच निघून गेला होता. महानंदाबाई कोपीच्या तोंडाशी बसल्या होत्या. पातेलं चाळीस माणसांचं होतं, नेहमीचंच. पत्रावळींचा गठ्ठा न सोडता बाजूला ठेवलेला.

"आलीस? बस."

वाटेवरून गुंडप्पा आणि त्याच्या घरची माणसं चालली होती, खाली ओढ्याकडे कुणाच्या तरी शेतात जेवायला. महानंदाबाई उठून उभ्या राहिल्या. "गुंडप्पा भावजी! या जेवाया!"

वाट वीस पावलांवर होती. ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. गुंडप्पाची सून क्षणभर थबकली, तर त्याने तिला हाताने पुढे ढकललं. एकानेही मान वळवली नाही. महानंदाबाई ते ओढ्याच्या उतारावर दिसेनासे होईपर्यंत उभ्या होत्या, मग गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या.

"सकाळधरनं सात जणांना हाक मारली," त्या म्हणाल्या. "येळवशीला कुणी हाकेला आलं न्हाई, असं म्या जन्मात बघितलं न्हाई."

शिवलीला आईजवळ सरकली. "माय," ती म्हणाली, "त्या कुंड्या मी नेल्या होत्या. त्या अकरा ठिकाणी रोग त्या कुंड्यांनी गेला. तुझ्यामुळे नाही गेला. माझ्यामुळे गेला."

महानंदाबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं, पळीने भज्जी ढवळली.

"मला म्हाईत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "कुंड्या कुणी भरल्या? बारा आणल्या होत्यास तू. एक तडकलेली निघाली, म्हणून अकरा न्हेल्यास. बारावी अजून न्हाणीघरामागं हाय. त्या पोराने कुंडी म्हणून विचारलं तवाच ध्यानात आलं माझ्या."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"म्या कशी सांगू? ते तुझ्या तोंडचं होतं. म्या बघत बसले तुझ्याकडं. म्हटलं, आता बोलंल, मग बोलंल. तू त्या डबड्यात बघलालतीस."

कोपीचा कडबा वाऱ्याने सळसळला. शिवलीला रडायला लागली. हुंदके देत म्हणाली, "मी उद्या जाते. सगळं लिहून देते. तुझं नाव काढायला लावते."

"मन्मथ म्हणत होता, तीस दिसांची मुदत असती," महानंदाबाई म्हणाल्या. "परवा संपली ती. परवाच्या सांजेपतुर वाट बघितली म्या. तुला पोरगी म्हणून नव्हं, शिकलेली म्हणून. एवढं कोळ्याचं वंशन्‌वंश काढतीस, तुला आईचं तोंड वाचता येत न्हाई, असं कसं हुईल, असं वाटायचं." त्यांनी पळी खाली ठेवली. "लिहून द्यायचं तर दे. न्हाई म्हणत न्हाई म्या. पण माझ्यापायी देलालीस असं म्हणू नकोस. माझं झालं ते झालं."

त्यांनी गठ्ठा सोडला, एक पत्रावळ काढली, पाणी शिंपडून पुसली. भज्जी वाढली, बाजरीचा उंडा ठेवला, वाटीत आंबील ओतली. सगळं नेहमीच्या हाताने, काही कमी नाही की जास्त नाही.

"जेव. आन् पुढच्या येळवशीला येऊ नकोस."

"माय! असं काय गं..."

"हाक मारली तर आली न्हाईत, त्या लोकांचं मला काही वाटलं न्हाई," महानंदाबाई म्हणाल्या. "त्यांला म्हाईत न्हाई. तुला म्हाईत होतं."

एवढं बोलून त्या वाटेकडे तोंड करून बसल्या. लांबून दुसरं कुणीतरी येताना दिसत होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि हाक मारायला उठल्या. शिवलीलाने पत्रावळीत हात घातला. भज्जीत हरभरा होता, वाल होता, वाटाणा होता, तुरीचा दाणा नव्हता.